आमची वाटचाल: हायपोचा कॅन, एक सिरिंज आणि तासगावचे आण्णा

दुकानात कुणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "टॅब्लेट कितीला दिली?" म्हणजे स्विमिंग पूलच्या पाण्यात टाकायची क्लोरिनची चकती. पाणी किती लिटर आहे, बोअरचं आहे का नळाचं, पीएच (आंबटपणाचं माप) किती, हे कुणी सांगत नाही. या टॅब्लेटपायीच आमचं दुकान बंद व्हायची वेळ आली होती, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

सुरुवात 2006 ला कुपवाडला, एका गाळ्यात. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरिन), ब्लिचिंग, अ‍ॅसिड, तुरटी. घरचे स्विमिंग पूल तेव्हा आपल्याकडं बोटावर मोजण्याइतके. पहिला मिळाला तो तासगावच्या आण्णांचा. द्राक्ष बागायतदार माणूस, सुट्टीत नातवंडं येतात म्हणून बागेच्या कडेला 30 बाय 15 ची टाकी बांधलेली (आण्णा तिला टाकीच म्हणतात), सरासरी 4 फूट खोल, म्हणजे पन्नास हजार लिटर धरा. मी पहिल्यांदा त्यात ब्लिचिंग टाकलं. स्वस्त पडतं म्हणून. चुना खाली बसला, सँड फिल्टर चोंदला, दोन दिवस नुसता बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, करत बसलो. आण्णा एका शब्दानं रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बागंत औषध मापून घालतोस का अंदाजानं? मग हितंबी मापूनच घालायचं."

तिथून आमचं मापणं सुरू झालं. साधा ओटीओचा किट, म्हणजे पाण्यात औषध टाकून क्लोरिन बघायचा, पिवळा रंग येणारा, तो एकूण क्लोरिन दाखवतो, कामाचा किती ते नाही. मग डीपीडीवर आलो, गुलाबीवाला. पण खरी युक्ती आण्णांची. गुरांच्या औषधाची 1 मिलीची सिरिंज घेतली, 50 लिटरच्या ड्रममध्ये बोअरचं पाणी भरलं, त्यात 1 मिली हायपो टाकलं, ढवळलं आणि किट लावला. हायपो खरोखर 12 टक्के असेल तर रीडिंग 2.4 पीपीएमच्या (लिटरला 2.4 मिलिग्रॅम) आसपास येतं. 1 आलं तर समजायचं कॅनमध्ये 5 टक्केच माल आहे, बाकी पाण्याचे पैसे दिले. प्रत्येक लॉट आजही आम्ही असाच तपासतो, ती पहिली सिरिंज अजून गल्ल्यात आहे, आकडे पुसट झालेत तरी टाकवत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पडलेला कॅन महिन्याभरात फिका पडतो हे त्या ड्रमनंच शिकवलं. तेव्हापासून हायपो सावलीत ठेवायचं, थोडं थोडं आणायचं, झाकण हवा सुटणारंच लावायचं नाहीतर कॅन फुगतो.

पुढची आठ-नऊ वर्षं धंदा चालला. 2015 ला वर्षाच्या करारावर 23 पूल होते, दोन पोरं कामाला, एक टेम्पो.

2016 ला बाहेरून एकजण आला. नाव घेत नाही. त्याची स्कीम अशी की महिन्याला एक डबा टीसीसीएच्या चकत्या (हीच ती टॅब्लेट), फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, टाका आणि विसरून जा, आमचा माणूस महिन्यातून एकदा येईल. आमच्या निम्म्या पैशात. लोकांना रोज संध्याकाळी हायपो ओतायचा कंटाळा, त्यात आमचा माणूस प्रत्येक वेळी ब्रश मारा, पीएच बघा म्हणून मागं लागणार. दोन वर्षांत 23 पैकी 14 पूल गेले. मी ज्यांना ज्यांना सावध केलं त्यांना त्यानं सांगितलं, "हायपो विकतो ना तो, मग टॅब्लेटला नावं ठेवणारच." हे माझ्या तोंडावर येऊन सांगणारे लोक माझ्याच घरी दिवाळीचा फराळ खाऊन गेलेले. टेम्पो विकला, हिच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, एका पोराला सोडायला लागलं.

आता मी काय सांगत होतो ते सांगतो, कारण ते तेव्हा कुणी ऐकलं नाही. टीसीसीए वाईट नाही, 90 टक्के क्लोरिन आहे त्यात. पण ती चकती विरघळताना सायन्युरिक अ‍ॅसिड पण सोडते, म्हणजे स्टॅबिलायझर, उन्हात क्लोरिन उडू न देणारं. 10 पीपीएम क्लोरिन दिला की 6 पीपीएम ते. क्लोरिन संपतो, हे संपत नाही, साठत जातं. 200 ग्रॅमची एक चकती पन्नास हजार लिटरला 3.6 क्लोरिन देते आणि जवळपास 2.2 स्टॅबिलायझर ठेवून जाते. आठवड्याला दोन टाकल्या तरी वर्षाचे दोनशेच्या वर होतात, बॅकवॉशला थोडं पाणी जातं तेवढंच कमी. पाहिजे असतं 30 ते 50. दोनशेला गेल्यावर किट 3 दाखवतो आणि पाणी तरीही हिरवं, कारण तो क्लोरिन बांधला गेलेला असतो.

2018 च्या मार्चमध्ये विश्रामबागेतल्या एका बंगल्यात हेच झालं. मालक पूर्वी आमचेच. फोन आला, मी गेलो, स्टॅबिलायझर मोजायची नळी काढली. त्या नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, औषध मिसळलेलं पाणी हळूहळू ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. ओतायला लागलो तर सगळ्यात खालच्या, शंभरच्या खुणेलाच ठिपका गायब. निम्मं साधं पाणी मिसळून परत केलं, परत गायब. म्हणजे दोनशे किंवा वरच. मी म्हटलं निम्म्याहून जास्त पाणी काढायलाच लागेल, दुसरा उपाय नाही. त्यांनी माझ्यासमोर त्या टॅब्लेटवाल्याला फोन लावला आणि त्यानं शॉक पावडरचे (एकदम जास्त क्लोरिन देणारी) चार डबे पाठवतो म्हणून सांगितलं. मला चहासुद्धा विचारला नाही. मेमध्ये त्यांनी पाणी काढलंच, टँकर लावून पूल परत भरला, आपल्या भागात उन्हाळ्यात टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. स्वस्तातल्या टॅब्लेटचा हिशोब करताना हा टँकर कुणी धरत नाही.

त्या दोन वर्षांत आण्णा हलले नाहीत. त्यांच्याकडं पण तो माणूस गेला होता. आण्णांनी त्याला एवढंच विचारलं, "माप काय?" त्याला सांगता आलं नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर सगळ्यांना माहितीय. तेव्हा गोडाऊन सांगलीत नदीकडच्या बाजूला होतं. रात्री दोघं बाप-लेक टीसीसीएचे डबे डोक्यावरून माडीवर नेत होतो, हायपो गेलं तर गेलं, पण चकत्यांच्या डब्यात पाणी शिरलं तर गॅस सुटतो. पूर ओसरल्यावर विहिरी, टाक्यांसाठी हायपोची मागणी आली आणि त्यावर दुकान परत उभं राहिलं. भाव एक रुपया वाढवला नाही.

कमी खर्चात घरचा पूल ठेवायचा असेल तर मी काय करतो ते लिहितो. पन्नास हजार लिटरला सुरुवातीला एकदाच 2 किलो स्टॅबिलायझर, मोज्यात बांधून पाणी परत येतं त्या तोंडापुढं टांगायचा, 40 होतो, नाहीतर कडक उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरिन उडतो. मग रोज सूर्य मावळल्यावर पंप चालू ठेवून हायपो, उन्हाळ्यात पाऊण ते एक लिटर, थंडीत अर्ध्यावर भागतं. क्लोरिन 1 ते 3, पीएच 7.2 ते 7.6, हायपोनं पीएच वर जातो मग थोडं अ‍ॅसिड, पण हायपो आणि अ‍ॅसिड एका बादलीत कधीच नाही, एकाच वेळी पण नाही, गॅसनं माणूस जातो. टीसीसीए आणि दाणेदार कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका मगात नाही, आग लागते. आठ दिवस गावाला जाणार असाल तर फ्लोटरमध्ये दोन चकत्या टाका, मी पण टाकतो. वर कव्हर घातलं तर हायपो बरंच कमी लागतं. मिठापासून क्लोरिन करणारं मशीन पण लोक विचारतात, त्याला पन्नास हजार लिटरला दीडशे-दोनशे किलो मीठ आणि काही वर्षांनी नवीन सेल, आपल्या जड बोअरच्या पाण्यात त्या सेलच्या पट्ट्यांवर क्षार धरतात. आणि पुलाला "क्लोरिनचा वास" येतोय म्हणून डोस कमी करू नका, तो वास घाम-लघवीशी लढून अर्धवट राहिलेल्या क्लोरिनचा असतो, तिथं जास्त घालायला लागतं.

त्या 14 पैकी 9 परत आले. एकानंही म्हटलं नाही की तू बरोबर होतास, फक्त विचारलं, जुन्या रेटनं करशील का. केलं. विश्रामबागेतले अजून आलेले नाहीत. त्यांचं पाणी एकदा त्या काळ्या ठिपक्याच्या नळीत घालून बघायचंय, पैसे नकोत, त्यांनी फक्त फाटक उघडावं.