काकडूच्या गाळातला कंद

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात राहायला आल्यापासून घरून फोन आला की मगरींचीच चौकशी होते. मगरी आहेत, भरपूर आहेत. पण इथल्या पाणथळीत मला जीव लागला तो लव्हाळ्याच्या कुळातल्या एका साध्या रोपाचा.

काकडू राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात नद्या पसरतात आणि त्या उथळ पाण्यात हिरव्या पोकळ नळ्यांचं रान उभं राहतं. पान म्हणावं असं काही नाही. एलिओकॅरिस डल्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. चिनी जेवणातला पांढरा कुरकुरीत वॉटर चेस्टनट याच प्रजातीचा, फक्त शेतात वाढवलेला, म्हणून मोठा. आपला उपासाचा शिंगाडा निराळा. ते पाण्यावर पसरणाऱ्या वनस्पतीचं फळ, हा गाळातला कंद.

इथले मूळ रहिवासी, बिनिंज, आपल्यासारखेच सहा ऋतू मानतात. त्यातला गुरुंग म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासूनचा कोरडा उकाडा. पाणी आटलं की बायका टोकदार काठीने गाळ उकरून कंद काढतात. कच्चे खातात, भाजूनही खातात. मॅगपाय हंसही तेव्हाच हजारोंनी उतरतात आणि बाकदार चोचीने कडक झालेला चिखल फोडतात. कंदांवर पोसलेला हा हंस म्हणजे बिनिंज लोकांची आवडती शिकार.

या पाणथळींची दैना केली ती म्हशींनी! हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. 19व्या शतकात ब्रिटिशांनी आशियातून आणलेल्या म्हशी रानात मोकाट वाढल्या. त्यांनी पाणथळी तुडवल्या. त्यांच्या येण्याजाण्याने चर पडले आणि चरांतून समुद्राचं खारं पाणी आत शिरलं. 1980च्या दशकात गुरांच्या क्षयरोग निर्मूलनाच्या मोहिमेत बहुतेक म्हशी मारल्या गेल्या. मग चरायला कुणी उरलं नाही आणि गवत माजलं. कुठे बाहेरून आणलेलं पॅरा गवत, कुठे इथलंच हायमेनॅकनी. त्या दाटीत ना कंद वाढत, ना हंसांना उतरायला जागा.

बॉगी प्लेन इथे त्या जमिनीच्या पारंपरिक मालकांनी पूर्वजांच्या रीतीने गवत पेटवायला पुन्हा सुरुवात केली आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी ठेवल्या. गवत हटलं, मोकळं पाणी दिसू लागलं, कंद आणि हंस परतले. वणवा आणि अशी जाणती आग यांत किती फरक आहे, हे मला इथे येऊन कळलं.

इकडे येणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या आणि मामुकालाच्या पाणथळीवर सकाळ काढा. कंद मात्र उपटायचा नाही. तो हक्क इथल्या लोकांचा आहे, आणि त्यांचाच असायला हवा.