८७००के, ५ गिगाहर्ट्झ आणि नागपूरचा मे महिना

सेकंड हँड आय७ ८७००के, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, हातात आला तेव्हाच ठरवून टाकलं होतं की हा ५ गिगाहर्ट्झला चालवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त) करायचा. ६ कोर, १२ थ्रेड, सगळे कोर कामाला लागले की मूळचा टर्बो (कंपनीनेच दिलेला वरचा वेग) ४.३, म्हणजे वरती ७०० मेगाहर्ट्झची उडी. बोर्ड झेड३७०, मिड रेंजचा (कंपनी सांगत नाही, उगाच भांडणं सुरू होतात), कूलर १२० एमएम फॅनचा टॉवर, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ६५० वॅटचा, आणि रॅमच्या चार स्टिक, त्यातल्या दोन आधीच्या आणि दोन नंतर घेतलेल्या. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) मल्टीप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ५०, व्हीकोर (प्रोसेसरच्या कोरचं व्होल्टेज) मॅन्युअल १.३०, सेव्ह, रीस्टार्ट. विंडोज आलं, सिनेबेंच ही स्पीडची टेस्ट पास, स्क्रीनशॉट मित्राला पाठवला सुद्धा. मग प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी, म्हणजे प्रोसेसरला जबर ताण देणारी टेस्ट, लावलं आणि चहा घेऊन येईपर्यंत निळा स्क्रीन.

कधी क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, कधी कोड १२४. आठव्या-नवव्या जनरेशनच्या इंटेलवर ओव्हरक्लॉक करताना हे दोन दिसले की पहिला संशय व्हीकोर कमी पडतोय याचाच घ्यायचा, आणि सगळे सांगतात तसं मी पण ०.०१ ने वर चढत गेलो. १.३१, १.३२, १.३४. क्रॅश व्हायला वेळ जास्त लागायला लागला पण होत होताच, आणि टेंपरेचर ९५ च्या वर. या चिपला १०० डिग्रीला स्वतःला आवरायचं असतं त्यामुळे जागाच उरली नव्हती. हिशोब साधा आहे, पॉवर ही फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४.३ चे ५.० केले आणि १.२० चे १.३५ केले तर स्पीड वाढतो १६ टक्के आणि उष्णता जवळपास ४७ टक्के. त्यात ८७००के च्या झाकणाखाली सोल्डर नाही, पेस्ट आहे, म्हणून तर लोक डीलिड करतात, म्हणजे ते झाकण उघडून पेस्ट बदलतात. मला ते धाडस करायचं नव्हतं.

मग एक दिवस एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून नीट बघत बसलो. बायोसमध्ये १.३०, डेस्कटॉपवर नुसतं बसलं असताना १.२९६, आणि प्राइम९५ सुरू केल्या केल्या १.२३२. म्हणजे मी १.३० देतोय असं मी समजत होतो, प्रोसेसरला ऐन कामाच्या वेळी मिळत होतं ०.०७ व्होल्ट कमी. यालाच व्हीड्रूप म्हणतात आणि हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेला असतो. सकाळी सगळ्या बिल्डिंगने मोटर लावली की वरच्या मजल्याच्या नळाची धार बारीक होते तसंच आहे. वाटेत १ मिलिओहमचा रोध धरा आणि प्रोसेसरने १०० अँपिअर ओढले की झालं, ०.१ व्होल्ट तिथेच गेला. मुद्दाम का ठेवतात तर लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, ड्रूप असला की ती उसळी सुरक्षित हद्दीत राहते.

इथे मामा आले. मामांचं टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान आहे, कॉम्प्युटरच्या गेमशी त्यांना काही देणंघेणं नाही. स्क्रीनवर १२ व्होल्टच्या ओळीत १०.९ दिसत होतं ते बघून मी एसएमपीएस बदलायच्या गोष्टी करत होतो तर म्हणाले, "भाच्या, टीव्हीवरचा आकडा काय बघतो, मीटर लाव की." एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मीटर लावला, फुल लोडला ११.९४. एटीएक्सचा नियम ५ टक्के वरखाली, म्हणजे ११.४ ते १२.६, त्यात आरामात. एसएमपीएस बिचारा निर्दोष, पाच-सहा हजार वाचले. सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची लाइन वेडीवाकडी दिसली तर मीटर लावल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

मग मी विचारलं, मामा, प्रोसेसरचं पण मोजता येईल का. कॅबिनेटचं मागचं झाकण काढलं, सॉकेटच्या पाठीमागे कूलरच्या बॅकप्लेटमधून बारीक कपॅसिटर दिसतात, काळी प्रोब कॅबिनेटच्या बॉडीला, लाल त्या कपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकाला. हे काम मी केलं नाही, मामांनी केलं, त्यांचा हात हलत नाही. प्रोब एक मिलिमीटर सरकली तर शॉर्ट आणि बोर्ड गेला, त्यामुळे हौशीने करू नये. सॉफ्टवेअर १.२३२ म्हणत असताना मीटरवर १.२० च्या आसपास. माझ्या बोर्डाचा सेन्सर व्होल्टेज थोडं चढवूनच सांगतो आणि तेही ०.०१६ च्या पायऱ्यांनी, वर एचडब्ल्यूइन्फो मुळातच दर दोन सेकंदांनी वाचतं, मधल्या उसळ्या आणि खड्डे त्याला दिसणारच नाहीत. प्राइम९५ ला ५ गिगाहर्ट्झ चालत का नव्हते ते त्या १.२० ने सांगून टाकलं.

आता उपाय एलएलसी, म्हणजे लोड लाइन कॅलिब्रेशन, जे हा ड्रूप कमी करतं. यात एक गंमत आहे, असूसच्या बोर्डात लेव्हलचा आकडा मोठा तेवढी एलएलसी कडक, एएसरॉकमध्ये बरोबर उलटं, लेव्हल १ सगळ्यात कडक, तेव्हा व्हिडिओत बघून "लेव्हल ६ टाका" वगैरे करू नका, आपल्या बोर्डाचं मॅन्युअल बघा. मी सगळ्यात कडक लेव्हल पण लावून बघितली, तेव्हा लोडला व्होल्टेज बायोसपेक्षा वरच गेलं, ते लगेच काढलं. मधली लेव्हल ठेवली की आयडल आणि लोडमधला फरक ०.०३ ते ०.०४ राहतो, माझ्या मते तेवढा असावाच.

एवढं करून ५.० साठी लोडला १.३२ च्या वर लागत होतं आणि मे महिन्यात माझ्या खोलीत दुपारी ३९ डिग्री असतं, खिडकीतला कूलर चालू असून. वरून ४५ चं ऊन. जे लोक यूट्यूबवर ५.० करून दाखवतात त्यांच्या खोलीत २२ असतं, तो १७ डिग्रीचा फरक सरळ प्रोसेसरच्या आकड्यात मिळवायचा. ५.० चा नाद सोडला. ४.८ ला बायोसमध्ये १.२८, लोडला सॉफ्टवेअरप्रमाणे १.२४८, एव्हीएक्स ऑफसेट २ (एव्हीएक्स नावाच्या जड सूचना चालताना मल्टीप्लायर २ ने कमी), कॅश रेशो (प्रोसेसरच्या कॅशचा मल्टीप्लायर) ४३. टेंपरेचर ८० च्या घरात.

मग नवीनच नाटक. क्रॅश नाही, पण पंधरा-वीस मिनिटांनी क्लॉक धाडकन खाली यायचा, परत वर, परत खाली, आणि प्रोसेसर ८२ डिग्रीलाच. एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली परफॉर्मन्स लिमिट रीझन्स म्हणून भाग असतो, तिथे व्हीआर थर्मल अलर्ट समोर येस. म्हणजे तापला होता तो प्रोसेसर नाही, त्याला व्होल्टेज पुरवणारा व्हीआरएम, सॉकेटच्या डावीकडचे ते मॉसफेट. टॉवर कूलरची हवा मागे जाते, खाली बोर्डावर येत नाही, आणि माझ्या बोर्डाचं हीटसिंक म्हणजे नुसता दिखाऊ अॅल्युमिनियमचा ठोकळा. जुन्या एसएमपीएसमधला ८० एमएम फॅन काढून झिप टायने हीटसिंकच्या वर बांधला. दिसायला भयानक आहे. अलर्ट परत आला नाही.

यानंतर प्राइम९५ रात्रभर चाललं, पण इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर डब्ल्यूएचईए लॉगरचे (विंडोजची हार्डवेअरच्या चुकांची नोंद) आयडी १९ वाले पिवळे त्रिकोण, इंटर्नल पॅरिटी एरर. मशीन क्रॅश होत नाही, चूक होते आणि ती दुरुस्त करून पुढे जाते, म्हणून टेस्ट पास दिसते. हे बरेच जण बघतच नाहीत. व्हीकोर ०.०१५ वाढवला, त्रिकोण बंद.

वीज वाचवायला मधे व्हीकोरचा ऑफसेट मोड (ठरलेल्या व्होल्टेजमधून थोडं वजा किंवा मिळवायचं) करून बघितला, मायनस ऑफसेट टाकला की लोडला सगळं ठीक आणि ब्राउझर उघडा ठेवून जेवायला गेलं की परत येईपर्यंत फ्रीझ. मायनस ऑफसेट खालच्या क्लॉकच्या व्होल्टेजमधूनही तेवढाच वजा होतो. लोडला पास आणि आयडलला मरतंय असं दिसलं तर हेच आधी बघायचं. अडॅप्टिव्ह मोड (आपण दिलेलं व्होल्टेज फक्त टर्बोला) ठेवला, विषय संपला.

सगळ्यात चिवट निघाला शेवटचा. प्रोसेसर टेस्टला काही नाही, पण गेम खेळताना तासाभराने गेम सरळ डेस्कटॉपवर, एरर पण नाही. प्रोसेसर पूर्ण स्टॉक (मूळ सेटिंगवर) केला, फक्त एक्सएमपी (रॅमचं जास्त स्पीडचं तयार सेटिंग) चालू ठेवलं, तरी तेच. एक्सएमपी बंद केलं, तीन दिवस काही नाही. मग मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट लावल्यावर एक्सएमपी ३२०० ला लाल ओळी, म्हणजे चुका. वेगवेगळ्या किटच्या चार स्टिकचं ओझं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतं, आणि एक्सएमपी लावलं की बोर्ड ऑटोमध्ये व्हीसीसीएसए आणि व्हीसीसीआयओ (मेमरी कंट्रोलर आणि त्याच्या आसपासच्या भागांची व्होल्टेज) स्वतःच्या मनाने चढवतो, माझ्याकडे व्हीसीसीएसए १.३ च्या वर गेलं होतं. दोन्ही हाताने बसवले, १.२० आणि १.१५, आणि रॅम १.३५ व्होल्टलाच ठेवून ३००० वर आणली. लाल ओळी गेल्या. ३२०० साठी अजून खटपट करता आली असती, पण २०० मेगाहर्ट्झसाठी मेमटेस्टचे अजून फेरे कोण बसून बघणार.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. उन्हाळ्याचं ४.८ वालं, आणि डिसेंबर-जानेवारीचं ४.९, तेव्हा रात्री खोलीत १८-२० असतं आणि प्रोसेसरचा तोच कूलर पुरतो. ५.० चं प्रोफाइल डिलीट केलंय. मामांनी मीटर परत मागितलाय, स्वतःचा साडेसातशेवाला घ्यायचा विचार आहे, कुणाकडे बारीक टोकाची प्रोब मिळत असेल तर सांगा.