नातं काय लिहू?

"तुम्ही नर्स नाही, सुईण नाही, मग परक्या बायकांच्या बाळंतपणाला जाऊन करता तरी काय?" ऐरोलीत भाजीवालीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बहुतेक वेळ मी माकडहाडाच्या वरची कंबर दाबत उभी असते.

कळ आली की तळहाताने जोर देऊन दाबायचं, ओसरली की सोडायचं. पहिलटकरणीला हे दहा-बारा तासही चालतं. पगार नाही. या कामाला 'डूला' म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. माझ्या सासूबाई 'सोबतीण' म्हणतात, मला तेच बरं वाटतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण रबाळे-दिघ्याकडे साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं माहेर झारखंडात. नवऱ्याने खाडा केला की हजेरी गेली. आणि लेबर रूमच्या दाराशी पहिला प्रश्न, "बरोबर बाईमाणूस कोण?" सरकारी रुग्णालयात बाळंतिणीजवळ सोबतीला एक बाई थांबू शकते, हे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय. ती नात्यातली असावी, शक्यतो तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड करू नये, अशा अटी आहेत.

लुडबुड मी केलीय. अगदी सुरुवातीला एक सिस्टर पोरीवर ओरडली, मी भांडले आणि मला बाहेर काढलं. माझंच बरोबर होतं, असं अजूनही वाटतं. पण पुढचे दोन तास ती आत एकटी आणि मी जिन्यात. तेव्हापासून भांडायचं ते बाळ झाल्यावर. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली तर मात्र गप्प बसत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात औषधं, सिझर, रक्त, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत.

गेल्या पावसाळ्यात झारखंडातल्या दुमक्याची एक संथाळ मुलगी होती. मोडकंतोडकं हिंदी यायचं, कळा वाढल्यावर तेही गेलं. सिस्टर "जोर लाव, जोर लाव" करतायत आणि ही माझा हात धरून "दाक्, दाक्". मला वाटलं, फार दुखतंय म्हणतेय. मी आणखी जोरात कंबर दाबली. शेवटी खाली बसलेल्या नवऱ्याला फोन लावला तेव्हा कळलं, दाक् म्हणजे पाणी. पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत होती, आणि पोर केव्हाची मागत होती!

पहाटे मुलगी झाली. रजिस्टर भरताना सिस्टरने माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "नातं काय लिहू?"

"मावशी."

त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं. "गेल्या महिन्यात त्या ओडिशावालीच्याही मावशीच होतात ना?" म्हणाल्या आणि लिहून टाकलं.