आयात गाडी बेळगावात चालती ठेवायची तर

बेळगावात हुशार हातांना तोटा नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिक व्हॉल्व्हपर्यंतची कामं मायक्रॉनच्या मापात होतात. तरीही जपानहून तयार होऊन आलेली जुनी होंडा सीआर-व्ही किंवा जर्मनीत बनलेली ऑडी दारात उभी राहिली की गॅरेजवाले कचरतात. त्यात त्यांचा दोष नाही. वर्षातून एखादीच अशी गाडी येत असेल तर तिच्यात कुठलं तेल किती घालायचं, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणून माहिती आणि सुटा भाग मालकानं न्यायचा, काम नेमकं सांगायचं आणि करायला इथलेच हात घ्यायचे. निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल. प्रत्येक कामासाठी पुण्याला जाणं परवडतही नाही आणि गरजेचंही नाही.

सुरुवात आरसीवरच्या चासी नंबरापासून करा. हा सतरा अक्षरी नंबर ‘जे’ने सुरू होत असेल तर गाडी जपानची, ‘डब्ल्यू’ असेल तर जर्मनीची, ‘एमए’ ते ‘एमई’ असेल तर भारतात बनलेली. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांसाठी वेगळी बनते. त्यामुळे दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागू नका. चासी नंबर ऑनलाइन पार्ट कॅटलॉगात टाकून पार्ट नंबर काढा आणि वहीत लिहून ठेवा.

पार्ट नंबर वाचता येऊ लागला की निम्मी फसवणूक टळते. होंडाचा नंबर पाच-तीन-तीन अशा गटांत असतो. पहिले पाच आकडे भाग कुठला ते सांगतात, मधली तीन अक्षरं तो मुळात कुठल्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी बनला ते सांगतात. दुसऱ्या पिढीच्या सीआर-व्हीच्या बऱ्याच भागांत मध्ये ‘एस९ए’ दिसेल. टोयोटात पहिले पाच आकडे बघा: ०४४६५ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड, ०४४६६ म्हणजे मागचे. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीत तीन-तीन-तीनचे गट आणि शेवटी एखादं अक्षर असतं. ते अक्षर बहुतेक वेळा सुधारित आवृत्ती दाखवतं, पण नेहमीच नाही. कॅटलॉगात जुन्या नंबराऐवजी नवा नंबर दिलेला दिसला तरच पैसे द्या.

कंपनीच्या खोक्यातलाच माल हवा असंही नाही. जपानी गाड्यांना डेन्सो, आयसिन, एनजीके, कोयो हेच भाग पुरवतात, जर्मन गाड्यांना बॉश, झाक्स, लेमफर्डर, मान, माले. त्यांच्या खोक्यातला तोच भाग बराच स्वस्त पडतो. मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार आणि दिल्लीत काश्मिरी गेट इथं नवा माल मिळतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना. पैसे पाठवण्याआधी खोक्यावरच्या लेबलचा आणि भागावर कोरलेल्या नंबराचा, असे दोन्ही फोटो मागवा. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी बेळगावात उतरतं. जुन्यात दरवाजा, आरसा, दिवा, अल्टरनेटर घ्यायला हरकत नाही. ब्रेकचा कुठलाही भाग, रबर, वॉटर पंप, टायमिंगचं सामान आणि एसी कॉम्प्रेसर मात्र जुना घेऊ नका.

आता इथं काय होऊ शकतं ते बघू, कारण ही या भागाची जमेची बाजू आहे. ट्रॅक्टर, जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांमुळे हायड्रॉलिक होज (जाड रबरी पाइप) टोकांना दाबून बसवणारी दुकानं सगळीकडे आहेत. पॉवर स्टिअरिंगचा हाय प्रेशर पाइप गळू लागला तर परदेशातून मागवायची गरज नाही. जुन्या पाइपाची दोन्ही टोकं शाबूत काढून द्या, मध्ये तेवढ्याच आतल्या व्यासाचा, तेल आणि उष्णता सोसणारा होज बसवून घ्या. टोकांचा कोन आधी खुणेनं नोंदवून ठेवा. टोक थोडं फिरलं तरी पाइप इंजिनाला घासतो. बेअरिंग जगभर नंबरावर मिळतात. अल्टरनेटरमधलं ६२०३ किंवा ६३०३ बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात आहे. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, उदाहरणार्थ ३५-५२-७. तेच माप मागा, पण इंजिनाजवळचं सील असेल तर काळ्या साध्या रबराऐवजी उष्णता सोसणाऱ्या व्हिटॉन रबराचं घ्या. काही सील एकाच दिशेनं फिरणाऱ्या शाफ्टसाठी असतात, त्यामुळे सीलवरची बाणाची खूण जुन्याशी जुळवून बघा.

आटे गेलेला ऑइल ड्रेन हे या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. होंडाचा सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ॲल्युमिनियमचा, त्याचा ड्रेन बोल्ट फक्त ३९ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतकाच आवळायचा. ट्रकच्या सवयीच्या हातानं आवळला की आटे निघून येतात. लेथवाला हेलिकॉइल इन्सर्ट, म्हणजे आट्यांच्या जागी बसणारं तारेचं वेटोळं, घालून देतो आणि ते काम मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं. दर वेळी नवा १४ मिमीचा ॲल्युमिनियम वॉशर घातलात तर जोर लावायची वेळच येत नाही. चाकांच्या नट-बोल्टांचे आकडेही वहीत हवेत: होंडा १०८, टोयोटाच्या कार १०३, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्या १२० न्यूटन मीटर. हायवेवर पंक्चर काढताना हवेच्या गननं आवळलेले नट घरी आल्यावर सैल करून जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा, नाहीतर डिस्क वाकडी होऊन ब्रेक थरथरतो.

सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या तेलानं होतं. दुसऱ्या पिढीच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) सीआर-व्हीचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, हे त्याचं ठळक उदाहरण. गाडी हळू वळवताना मागून गुरगुर किंवा कंप आला की बहुतेक ठिकाणी ‘बेअरिंग गेलं’ म्हणून पूर्ण डिफरन्शियल उतरवायला सांगतात. त्याच्या आत दोन पंप आणि क्लच प्लेट असतात, आणि तेल जुनं झालं की प्लेट अडखळतात. उपाय एवढाच की होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड बदलायचं. साधारण एक लिटर लागतं. आधी वरचा भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी जागेवर अडकते. नवं तेल भरल्यावर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना हळूहळू गोल चक्कर मारा, नवं तेल प्लेटपर्यंत पोहोचतं. यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल कधीच घालू देऊ नका. क्लच प्लेट त्यावर चालत नाहीत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही हाच नियम. होंडाला डीडब्ल्यू-१ तेल, नव्या टोयोटांना डब्ल्यूएस. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं लाल तेल नको. या सीआर-व्हीच्या बॉक्समध्ये एकूण सुमारे सात लिटर तेल असतं, पण ड्रेन बोल्ट काढला की अडीचच लिटर येतं, बाकी मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तेलाच्या क्लचमध्ये) राहतं. म्हणून सोडा, भरा, सगळे गिअर टाकत थोडी गाडी चालवा, पुन्हा सोडा. असं तीनदा केलं की सुमारे तीन चतुर्थांश तेल नवं होतं. आठ लिटर आणून ठेवा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडा लगदा असेल तर ती नेहमीची झीज, चमकते तुकडे असतील तर बॉक्स आतून खराब होतोय. दाबानं तेल ढकलणाऱ्या मशीनच्या मी विरोधात आहे, जुन्या बॉक्समधला गाळ ते अरुंद वाटांत नेऊन बसवतं. पातळी मोजायची पद्धतही ठरलेली आहे. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक बघायची. पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल तेल ओतायची सवय आपल्याकडे आहे. होंडाला तिचं वेगळं फ्लुइड लागतं, नाहीतर सील गळू लागतात.

कूलंटचा रंग बघून ओळख पटवू नका. रंग प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीनं देते. जपानी कूलंट फॉस्फेटचा असतो, जर्मन वेगळ्या रसायनाचा. दोन्ही मिसळले तर गंजरोधक गुण जातात, कधी गाळही धरतो. आधीच मिसळलेले असतील तर डिस्टिल्ड वॉटरनं धुवून पूर्ण बदला. बोअरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार हीटर कोअरमध्ये बसतात. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत घसरलेला असू शकतो. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना पेडल खाली जाण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

एसीबद्दल एक इशारा. याच सीआर-व्हीचा कॉम्प्रेसर आतून झिजून फुटला की काळा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तोच चुरा नव्यालाही खातो. कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सोबतच बदला, बाकी पाइप फ्लश करून घ्या. गॅस अंदाजानं न भरता बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच, वजनकाट्यावर मोजून भरायला लावा.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्वतःच वाचायला शिका. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. पी०१७१, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, हा आपल्याकडे हमखास दिसणारा कोड. लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवू नका. आधी लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल देतोय ते, बघा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाडीचा ट्रिम नुसत्या इंधनामुळेच पाच ते आठ टक्के वर बसतो. मग इनटेकच्या रबरी पाइपाला बारीक चीर पडली तरी तो मर्यादेबाहेर जातो. म्हणून आधी ती चीर, पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) व्हॉल्व्ह, व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा, नंतर पेट्रोलचा दाब, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी. जर्मन गाड्यांत हा अडॅप्टर जवळपास इंजिनापुरताच बोलतो. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा खास सॉफ्टवेअर लागतो. त्यासाठी हुबळी किंवा कोल्हापूरला नुसतं स्कॅन करून घ्या, पूर्ण अहवाल फाइलमध्ये मागा, आणि दुरुस्ती कुठं करायची ते घरी येऊन ठरवा.

जर्मन गाडी असेल तर हत्यारंही तुम्हीच न्या. बऱ्याच बोल्टांच्या डोक्यात बारा टोकांचा ट्रिपल स्क्वेअर खाचा असतो. तो टॉर्क्ससारखा दिसतो, म्हणून लोक टॉर्क्स किंवा ॲलन की ठोकतात आणि डोकं गोल होऊन जातं. एम८, एम१० चे बिट आणि टी२५, टी३० टॉर्क्स जवळ ठेवा. बिट बसवण्याआधी खाचेतली माती सुईनं काढा, नाहीतर बिट पूर्ण खाली उतरत नाही. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आवळताना ते ताणले जातात. सस्पेन्शनचं काम काढायच्या आधी असे बोल्ट नवे मागवून हातात घ्या, मगच गाडी वर उचला.

पावसाळ्यापूर्वी, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गाडी फिरत असेल तर, वायपरखालच्या जाळीतला पाचोळा काढा आणि तिथल्या निचऱ्याच्या नळ्यांत पाणी ओतून ते खाली पडतंय ना ते बघा. त्या तुंबल्या की पाणी केबिनमध्ये शिरतं आणि काही जर्मन गाड्यांत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. ऊस हंगामात रस्त्यांवर धूळ आणि पाचट उडतं, तेव्हा एअर फिल्टर पुस्तकातल्या निम्म्या अंतरावर तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेतं, प्रमाण वाढलं की ते पाण्यासह वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची तोटी तिथंच असते. जुने पेट्रोलचे रबरी पाइप कडक किंवा चिकट झाले असतील तर एसएई ३० आर ९ असं छापलेला इंजेक्शनचा होजच घ्या. क्लॅम्पही पट्टीच्या कडा बाहेर वळलेले, इंजेक्शन होजसाठीचेच घ्या. स्कूटरचे तारेचे क्लॅम्प तेवढा दाब धरत नाहीत.