टॉल का हाय?

दुपारी लाइन गेलेली. ओसरीत पुतणी निबंध लिहीत बसली होती, विषय ‘माय व्हिलेज’. पेन दातात धरून विचारते, “मोठेबाबा, निंबाच्या झाडाले टॉल लिहू का हाय?”

“टॉल.”

“काहून?”

आता काय सांगावं! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली. गुरुजी वर्गातल्या सगळ्यात लंब्या पोराला भिंतीशी उभं करायचे. पोरगा टॉल, भिंत हाय. माणूस, झाड, खांब, म्हणजे अंगानं कमी आणि वर गेलेलं ते टॉल. चिखलदऱ्याचे डोंगर हाय. एवढं डोक्यात बसलं. पण बिग आणि लार्जपाशी गुरुजीही खडूची धूळ झटकत खिडकीबाहेर पाहायचे. थोरला भाऊ बिग ब्रदर, लार्ज ब्रदर कोणी म्हणत नाही. शर्ट मात्र लार्ज. मी घरातला बिग ब्रदर आहेच, आता एक्स्ट्रा लार्जही झालो.

माझी स्वतःची खोड म्हणजे हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल. इतिहासात ज्याचं वजन आहे ते हिस्टॉरिक, नुसतं मागच्या काळातलं ते हिस्टॉरिकल. कुठं चुकीचं छापलेलं दिसलं की दिवसभर दातात कण अडकल्यासारखं होतं. पण आमच्या शकुंतलेला काय म्हणावं, हे मलाही ठरवता येत नाही. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जायची ती नॅरोगेज गाडी. वऱ्हाडचा कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात कंपनीनं टाकलेली, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. पोरं चालत्या गाडीतून उतरत, रुळाकडेची बोरं खिशात भरत आणि पळत जाऊन पुन्हा चढत. डब्यात बसलेल्या म्हाताऱ्या ओरडत, आणि मग त्याच हात पुढं करत. कापसासाठी ती हिस्टॉरिकल असेल, बोरांसाठी हिस्टॉरिक. गुण कापायचे तर कापा.

स्मॉल आणि लिटलचाही घोळ शाळेत झाला होता, पण तो अर्ध्या गुणाचा. कर्जाच्या फॉर्मवर तिसराच शब्द भेटला: स्मॉल का मार्जिनल? एक ते दोन हेक्टरवाला स्मॉल, हेक्टरच्या आतला मार्जिनल. हेक्टर म्हणजे अडीच एकर. बाबांचं वावर चार एकर, म्हणजे ते स्मॉल. ते गेले, फेरफार झाला, एका सातबाऱ्याचे दोन झाले, दोन-दोन एकराचे. धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, यावर थोडी कुरबुर झाली, मिटलीही. मी मार्जिनलवर खूण केली आणि पेन धाकट्याकडे दिला.

“भाऊ, फायदा कायच्यात जास्त हाय?” त्यानं विचारलं.

म्हटलं, तू खूण कर. अजून दोन झेरॉक्स बाकी आहेत.