पिंगुळीत चित्रकलेचा तास

कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून कुडाळ. सहलींचा मोसम होता, त्यामुळे एसटी स्टँडवर टोप्या घातलेली पोरं आणि त्यांना मोजणारे मास्तर सगळीकडे. पेशाने मीही चित्रकलेचा मास्तरच, पण या खेपेला मोजायला कोणी नव्हतं. कुडाळहून रिक्षा केली. राऊळ महाराजांच्या मठामुळे पिंगुळी सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र त्याच गावातल्या गुढीपूरला, ठाकर मंडळींच्या वस्तीवर जायचं होतं.

तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' आहे. परशुराम गंगावणे यांनी 2006 साली घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला पिंगुळीचा पत्ता लागला. आत कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या, पडद्यामागून दिव्याच्या उजेडात नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या, आणि ज्यासाठी मी आलो होतो त्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगायच्या कलेच्या, पोथ्या.

पोथी म्हटलं तरी ती शिवलेली नसते. सुटी चित्रं असतात, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एका बाजूचा प्रसंग सांगून झाला की चित्र उलटायचं, मागे पुढचा प्रसंग तयार. रेषा ठसठशीत, काळी. चेहरा एका बाजूने दिसणारा, डोळा मात्र समोरून पाहावा तसा टपोरा. मागे डोंगर नाही, आभाळ नाही. कोरा कागद आणि त्यावर एकमेकांसमोर उभी राहिलेली माणसं. आमच्या खात्यातला एखादा परीक्षक म्हणेल, 'पार्श्वभूमी अपूर्ण.' पण ही माणसं बोलताहेत, आणि त्यांचं बोलणं कागदावर नाही, सांगणाऱ्याच्या तोंडी आहे.

हे मला तिथे बसल्यावर नीट दिसलं. जवळच्याच एका मराठी शाळेची सहल आली होती. पोरं जमिनीवर फतकल मारून बसली. समोर एक तरुण कलाकार, साथीला हुडूक आणि टाळ. त्याने चित्र उभं धरलं आणि ओवी उचलली. युद्धाचा प्रसंग होता. आवाज चढला की बोट राक्षसाच्या गदेवर, उतरला की पायाशी पडलेल्याकडे. मधेच पुढच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "काका, हेचो एक हात खंय गेलो?" चित्रात खरंच एकच हात होता. गाणं न थांबवता, चालीतच उत्तर आलं, "पुढल्या चित्रात गावतलो तुका, थांब जरा!" सगळी पोरं हसली आणि चित्र उलटेपर्यंत एकाचीही नजर हलली नाही. माझ्या वर्गात असं गप्प बसवायला मला डस्टर आपटावा लागतो.

ही कला मुळात देवळातली, नवरात्रातली. कुठल्या घराण्याने कुठल्या गावच्या देवळात कथा सांगायची हे सावंतवाडी संस्थानाने ठरवून दिलेलं. म्हणजे चित्राला गाव होतं, तिथी होती, ऐकणारे ठरलेले होते. आमच्या शाळेतल्या चित्राला काय असतं? वही, शेरा आणि सही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करून घ्यायची, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, म्हणून पालकही खूश. हात तयार होतो त्याने, यात वाद नाही. पण लोककलेच्या नावाखाली पोरं वारलीची बॉर्डर काढतात, मग शाळा डहाणूत असो की पंढरपुरात. आपल्याच गावच्या जत्रेत हलगी वाजवणारा, देवीचा मुखवटा रंगवणारा माणूस चित्रकलेच्या तासाला कधी येत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत: सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकायचे. कल्पना उत्तम. पण बस भरून पोरं आणायची, अर्ध्या तासात बाहुल्या दाखवायच्या, फोटो काढायचा आणि मालवणला किल्ला बघायला पळायचं, असं झालं तर ते दहा दिवसही सहलीतच जमा. त्या दिवशीच्या सहलीतले मास्तर मात्र वेगळे निघाले. कथा संपल्यावर त्यांनी पोरांना कागद दिले नाहीत, बोलायला लावलं. 'आपल्या गावच्या देवाची गोष्ट कोणाला येते?' तीन हात वर. तिघांच्या गोष्टी वेगळ्या, शेवट तर अगदी उलट. भांडण लागलं. मास्तर म्हणाले, घरी जाऊन आजीला विचारा, मग चित्रं काढू. हा गृहपाठ मी तिथल्या तिथे चोरला.

संध्याकाळी सावंतवाडी गाठली. राजवाड्यात गंजिफा पाहिली: गोल, रंगवलेले पत्ते, दशावतारी संचात प्रत्येक अवताराचे 12, असे 120. संस्थानच्या राजघराण्याने हा जवळजवळ संपलेला हुन्नर पुन्हा उभा केला. चितार आळीत लाकडी फळं बघत थोडं फिरलो, एक केळं घेतलं.

शिक्षकमित्रांपैकी कोणी जाणार असेल तर एवढंच: आधी कळवून जा आणि एका वेळी एकच तुकडी न्या. आणि अशा कलाकाराला आपल्या शाळेत बोलावलंत तर शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. गॅदरिंगच्या मांडवाला आणि डीजेला पैसे निघतात, तसे त्याच्या मानधनालाही निघतात. मी आमच्या मुख्याध्यापकांपुढे अर्ज ठेवलाय; ते म्हणाले, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते आधी सांगा.