डायफ्रॅम मिटला आणि केळ्यातले दाणे दिसले

रावेर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आरशाचा सूक्ष्मदर्शक कपाटात बरीच वर्षं पडून होता. कॉलेजात स्लाइड सरच लावून द्यायचे, आम्ही फक्त डोळा लावायचो. त्यामुळे स्वतः लावायला बसले तेव्हा थेट ४० ची, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारी लेन्स फिरवली, मोठ्या स्क्रूनं खाली आणली आणि कव्हरस्लिप, म्हणजे स्लाइडवरची पातळ काच, कटकन फुटली. लेन्सला ओरखडा गेला नाही, हे नशीब.

४० ची लेन्स काचेच्या इतकी जवळ येते की तिथं मोठ्या स्क्रूला हातच लावायचा नाही. आता मी बाजूनं बघत ४ ची लेन्स स्लाइडजवळ आणते, मग डोळा लावून स्क्रू उलटा फिरवते, म्हणजे अंतर वाढतच जातं. चित्र स्पष्ट झालं की वस्तू मधोमध घ्यायची. मग १०, मग ४०, आणि हात फक्त बारीक स्क्रूवर. मधोमध का, ते पारदर्शक पट्टीनं कळलं. ४ च्या लेन्सखाली पट्टीवरचे साडेचार मिलिमीटर मावले. ४० वर त्याचा दहावा हिस्साच उरतो, कडेची पेशी नजरेतून निसटते.

एवढं जमूनही दिसायचं ते पांढरंफटक. महिनाभर मी लेन्सलाच दोष देत राहिले. शेवटी जळगावच्या एका प्राध्यापिकेला फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, डायफ्रॅम किती उघडा आहे?"

डायफ्रॅम म्हणजे स्लाइडखालची, उजेड कमी-जास्त करणारी झडप. मी त्याला कधी हातच लावला नव्हता. पेशी जवळजवळ पारदर्शक असतात, सगळा उजेड आत सोडला की त्यांच्या कडा त्यात बुडून जातात. डायफ्रॅम जरा मिटला की कडा उठून दिसतात. फार मिटला तर बारकावे पुसट होतात, कारण जवळजवळचे दोन ठिपके सुटे दिसायला रुंद कोनातून येणारा उजेड लागतो. उत्तम लेन्स असली तरी साधारण ०.२ मायक्रोमीटरच्या आतले ठिपके साध्या उजेडात वेगळे होत नाहीत, मग चित्र कितीही मोठं करा. आरसा मोकळ्या आकाशाकडे वळवायचा, सूर्याकडे कधीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

एका मुलानं शेतातून कच्चं केळं आणलं. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा गर, पातळ आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हलकेच सोडलेली, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. मार्चमध्ये आमच्याकडे थेंब बघता बघता आटतो, म्हणून त्यात जरा ग्लिसरीन घालते. डायफ्रॅम हळूहळू मिटला आणि पेशीपेशीत खच्चून भरलेले निळे-काळे, लांबट दाणे समोर आले. आयोडीननं रंगलेलं हेच पिष्ट, म्हणजे स्टार्च.

शेजारी पिकल्या केळ्याची स्लाइड लावली. पिष्टाची साखर झालेली, पेशी जवळजवळ रिकाम्या. एक मुलगी कितीतरी वेळ डोळा काढेना.

"मॅडम," ती म्हणाली, "घरी अर्धं पिकलेलं केळं आहे. उद्या आणू?"